बंदरावरच्या कष्टांना रंग देणाऱ्या बी. प्रभा

देवळा तालुक्यातून समुद्र दिसत नाही. पण येथील कांद्याला समुद्राची वाट ठाऊक आहे. उमराण्याच्या बाजारात लिलाव झालेल्या कांद्यापैकी काही माल मुंबईलगतच्या बंदरातून परदेशी जातो. बंदर म्हटले की जहाजे आणि शिडे डोळ्यांपुढे येतात. तेथे राबणारी बाई मात्र सहसा दिसत नाही. तिला चित्राच्या मध्यभागी आणणाऱ्या बी. प्रभा याही मूळच्या समुद्रापासून दूरच्याच.

नागपूरजवळील बेला या खेड्यात १९३३ साली त्यांचा जन्म झाला. नागपुरात कलेचे धडे गिरवून त्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाल्या. १९५४-५५ मध्ये त्यांनी चित्रकला व भित्तिचित्रणाची पदविका मिळवली. विद्यार्थिदशेतच भरलेल्या प्रदर्शनातील त्यांची तीन चित्रे शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी घेतली आणि नवख्या चित्रकर्तीला उभारी मिळाली. १९५६ मध्ये शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी एअर इंडियाने त्यांची सहा स्त्रीचित्रे प्रत्येकी ८७ रुपये ५० पैशांना विकत घेतली. पुढे विख्यात झालेल्या त्या कलासंग्रहाचा आरंभ या खरेदीने झाला.

अमृता शेरगिल यांचा आदर्श त्यांच्यासमोर होता. आरंभीच्या आधुनिक प्रयोगांनंतर त्या मानवाकृतींकडे वळल्या. उंच, सडपातळ देह, लांब मान, जवळ मासळीची टोपली आणि अवघ्या चित्रावर एखाद्या रंगाचा अंमल, ही त्यांच्या कोळिणींची ओळख ठरली. त्या चित्रांत बाजाराचा गलबला नाही. ओझे वाहणाऱ्या स्त्रीचा थकवा आहे, तसाच तिचा ताठ कणाही आहे. दुष्काळ, भूक आणि बेघरपणाही त्यांनी रंगवला. स्त्रीचे दुःख त्यांना सजावटीचा विषय वाटले नाही. रंग मोहक असले तरी नजर करुणेची राहिली.

२००१ मध्ये त्यांचे निधन झाले. एअर इंडियाचा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपविण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. देवळ्याच्या खळ्यांत कांदा निवडणाऱ्या बायांपैकी अनेकींनी बंदर पाहिलेले नसेल. तरीही प्रभा यांच्या कोळिणींच्या चेहऱ्यांत त्यांना आपलीच एखादी सोबतीण सहज ओळखू येईल.