जोडीने खेळणाऱ्या बेटीबाई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि लेखनाची सवय वाण्याच्या हिशेबापुरती. परंतु गेल्या वर्षी मंडळाच्या आवारात बॅडमिंटनचे जाळे बांधले, तेव्हापासून एका बाईंचे चरित्र मनात घोळत आहे. तेच साध्या शब्दांत सांगते. चूकभूल भगिनींनी पदरात घ्यावी.

हल्ली उबेर म्हटले की भाड्याची मोटार डोळ्यांपुढे येते. २०१४ साली दिल्लीत उबेर चषकाचे सामने झाले व आपल्या मुलींनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा हे नाव ऐकून मलाही हसू आले होते. ते एका खेळाडू बाईंचे आडनाव आहे, हे मागाहून मुलीने समजावले.

बेटीबाईंचा जन्म १९०६ सालचा, इंग्लंडमधला. माहेरचे आडनाव कॉर्बिन. ज्या खेळात त्यांनी नाव काढले तो आपल्याला परका नाही. १८७० नंतरच्या काही वर्षांत गोऱ्या अंमलदारांनी त्याचे नियम आपल्या पुण्यात बसवले, आणि काही काळ या खेळाला पूना असेच नाव होते. बेटीबाईंच्या काळी लंडनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकणे म्हणजे जग जिंकल्यासारखेच मानीत. बक्षिसाचे पैसे मात्र कोणी घेत नसे; खेळ हौसेचाच असे.

त्यांचे यजमान हर्बर्ट उबेर हेही खेळाडू. १९३०, १९३१ व १९३२ अशी सलग तीन वर्षे पतिपत्नींनी मिश्र दुहेरी जिंकली. पुढे १९३३ ते १९३६ अशी चार वर्षे डोनाल्ड ह्यूम यांच्या जोडीने आणि १९३८ साली बिल व्हाइट यांच्या जोडीने त्यांनी तोच मान मिळवला. स्त्रियांच्या दुहेरीत १९३१ साली मॅरियन हॉर्स्ली, १९३७ व १९३८ साली डायना डव्हटन त्यांच्या जोडीला होत्या. मग महायुद्ध आले आणि स्पर्धाच बंद पडली. १९४९ साली क्वीनी अॅलन यांच्याबरोबर त्या पुन्हा जिंकल्या, तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते! एकूण तेरा विजेतेपदे. त्यांत एकेरीचे एकच, १९३५ चे. बाकी बारा जोडीची, आणि जोडीदार सहा.

मिश्र दुहेरीत बहुधा स्त्री जाळ्याजवळ उभी राहते व पुरुष मागची बाजू सांभाळतो. पुढचीने फूल असे अलगद पलीकडे टाकायचे की समोरच्याला ते वर उचलावेच लागावे. मग मागचा ते जोराने मारतो. टाळ्या मारणाऱ्याला पडतात, संधी मात्र पुढचीने करून दिलेली असते. घर चालवणाऱ्या बाईला हे निराळे समजावून सांगायला नको.

पुरुषांसाठी थॉमस चषकाचे सामने १९४८-४९ साली सुरू झाले. स्त्रियांच्या देशोदेशींच्या संघांसाठी तसे काहीच नव्हते. बेटीबाईंनी १९५० च्या सुमारास तो विषय काढला, पण स्पर्धा उभी राहायला काही वर्षे जावी लागली. चषक त्यांनीच दिला. पृथ्वीचा गोल, त्यावर फूल आणि फुलावर उभी खेळाडू स्त्री, असे त्याचे रूप आहे. १९५७ साली लँकेशायरमध्ये पहिला अंतिम सामना झाला व अमेरिकेच्या संघाने डेन्मार्कवर मात केली. १९८३ साली बेटीबाई वारल्या, पण त्यांच्या नावाने आजही मुली संघ करून खेळतात.

आता हे सारे मनात का घोळते, ते सांगते. गेल्या वर्षीच्या आपल्या सामन्यात आमची जोडी हरली. दोन फुले माझ्या जोडीदारणीकडून सुटली आणि मी चारचौघींत तिला बोलले. माझ्या हातून किती सुटली, ते मी मोजलेच नाही. दुसऱ्या दिवसापासून ती खेळायला येईनाशी झाली. जाळे तेथेच आहे, माझी रॅकेट कपाटावर पडून आहे, आणि मी वयाचे निमित्त सांगते.

बेटीबाईंनी सहा जणांशी जुळवून घेतले. मला एकीशी जुळवता आले नाही. त्यांनी बेचाळिसाव्या वर्षी विजय मिळवला, तेव्हा वयाचे निमित्तही आता चालायचे नाही. ही स्मरणिका माझ्या जोडीदारणीच्या घरीही जाईलच. परंतु छापलेल्या अक्षरांवर भागवू नये, हे मला कळते. म्हणून अंक निघण्यापूर्वीच मी तिच्या दारी जाणार आहे, दोन्ही रॅकेट घेऊन. मागची जागा हवी असेल तर तिने घ्यावी. मी जाळ्याजवळ उभी राहीन.