ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञ

गुढीपाडव्याला आपल्याकडे गावोगाव पंचांग वाचले जाते. वर्षभरातील ग्रहणे त्यात घटकापळांसह आधीच दिलेली असतात. हे गणित करायचे कसे, हे महाराष्ट्रातील जोशांना तीनशेहून अधिक वर्षे ज्या ग्रंथाने शिकविले, तो म्हणजे गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव'.

गणेश दैवज्ञांचा जन्म इ. स. १५०७ च्या सुमारास कोकणात, समुद्रकाठच्या नांदगावी झाला. आईचे नाव लक्ष्मी. वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाशाचे वेध घेणारे ज्योतिषी होते. ग्रंथात लिहिलेला ग्रह आणि डोळ्यांना दिसणारा ग्रह यांतील फरक त्यांनी टिपून ठेवला होता. हाच वारसा मुलाला मिळाला.

त्या काळी ज्योतिषाचे ग्रंथ दोन प्रकारचे असत. 'सिद्धान्त' ग्रहगतीची उपपत्ती सांगे. 'करण' प्रत्यक्ष आकडेमोडीची रीत देई. आपल्या मराठवाड्यातील पार्थपूरच्या, म्हणजे पाथरीच्या, ज्ञानराजांनी १५०३ मध्ये 'सिद्धान्तसुंदर' लिहिला. पण सिद्धान्तावरून गणित करणे सामान्य जोशाच्या आवाक्यात नव्हते. कलियुगारंभापासून दिवस मोजायचे, तर ती संख्या सोळा लाखांवर जाई. शिवाय ज्या, कोटिज्या यांची कोष्टके लागत.

शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हे आरंभवर्ष धरून गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव रचला. तेव्हा त्यांचे वय अवघे तेरा होते, असे सांगतात. त्यांनी अकरा वर्षांचे एक चक्र धरले. त्यामुळे दिवसांची संख्या ४०१६ च्या पुढे जाईना. ज्या तर त्यांनी पार काढून टाकल्या. सूर्य आपल्या मंदोच्चापासून ९० अंशांवर आहे असे समजा. त्यांना ९ ने भागा, १० आले. ते २० मधून वजा करा, पुन्हा १०. दोहोंचा गुणाकार १००. या शंभराचा नववा भाग ५७ मधून वजा करा आणि जे उरेल त्याने १०० ला भागा. उत्तर सुमारे २ अंश ११ कला. मध्यम सूर्याला द्यावयाचा संस्कार तो हाच. पाटीवर बेरीज-वजाबाकी आणि गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही हे साधावे!

आज ग्रहगतीची समीकरणे संगणकाला कळावीत म्हणून ती एकेका पायरीच्या आज्ञांत उतरवावी लागतात. गणेश दैवज्ञांनी तेच काम केले. त्यांचा संगणक म्हणजे गावचा जोशी. पुढे विश्वनाथ दैवज्ञांनी ग्रहलाघवावर सोडविलेली उदाहरणे लिहून रीत पडताळण्याचीही सोय केली.

गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली व तीत गणिताच्या रीतींची उपपत्ती दिली. रीत सोपी करणारा हा माणूस तिच्यामागचे कारण विसरला नव्हता.

मात्र सोप्या रीतीत एक धोका असतो. उत्तर मिळू लागले की आकाशाकडे कोणी पाहत नाही. लहानसहान चुका साचत गेल्या. अखेर १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांना 'ग्रहसाधनाची कोष्टके' नव्याने रचावी लागली. गणेश दैवज्ञांना हे अनपेक्षित नव्हते. आपले गणितही कालांतराने ढळेल, तेव्हा पुढच्यांनी वेध घेऊन ते सुधारावे, असे त्यांनीच बजावून ठेवले होते. जोशांनी त्यांची रीत पाठ केली. ही सूचना मात्र बहुतेकांच्या पाठांतरातून निसटली. यंत्राने दिलेले उत्तर खरे मानण्यापूर्वी आपण तरी ती आठवावी.