पॉल झिल्स

वाशीम काय किंवा कारंजा काय, कोणत्याहि गांवच्या चित्रगृहांत मुख्य खेळापूर्वीं एखादा सरकारी माहितीपट दाखविण्याचा प्रघात स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षें होता. खऱ्या माणसांचीं खरीं चित्रें पडद्यावर आणण्याची ही कला आपल्या देशांत ज्यांनीं कष्टानें रुजविली, त्यांत पॉल झिल्स हे एक परदेशस्थ गृहस्थ होते.

त्यांचा जन्म १९१५ सालीं जर्मनींत झाला. 'उफा' या प्रसिद्ध चित्रपट कंपनींत ते धंदा शिकले. छायाचित्र खोटें बोलत नाहीं अशी आपली समजूत असते; पण खरीं चित्रें वेंचून जोडलीं कीं त्यांतून असत्यहि उभें करतां येतें, हें त्या काळच्या जर्मनीनें जगास दाखविलें. झिल्स तो देश सोडून फिरत फिरत बाली बेटांत आले. १९४० सालीं जर्मनीनें हॉलंडवर स्वारी केली. बाली डच लोकांच्या ताब्यांत, म्हणून तेथील जर्मन माणसें शत्रू ठरलीं. झिल्स कैद झाले आणि पुढें इंग्रजांचे बंदी म्हणून हिंदुस्थानांत आले.

१९४५ सालीं त्यांची सुटका झाली, आणि काय नवल पाहा! सरकारच्या 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' या खात्यानें हिंदुस्थानची ओळख बाहेरच्या जगास करून देण्याचें काम या कालच्या कैद्याकडे सोंपविलें. मध्यवर्ती विधिमंडळानें खर्च नामंजूर केल्यामुळें तें खातें १९४६ सालीं बंद पडलें. झिल्स मात्र मुंबईसच राहिले. फली बिलिमोरिया यांच्यासह त्यांनीं 'डॉक्युमेंटरी युनिट इंडिया' ही संस्था चालविली व १९४९ पासून 'इंडियन डॉक्युमेंटरी' हें त्रैमासिक काढलें.

खरी अडचण पुढेंच होती. १९४८ सालीं सरकारचें 'फिल्म्स डिव्हिजन' निघालें आणि चित्रगृहांतील जागा त्याच्याच चित्रांनीं व्यापली. स्वतंत्र निर्मात्यानें चित्र दाखवावें कोठें आणि पैसा आणावा कोठून? झिल्स बर्मा-शेलसारख्या बड्या कंपन्यांकडे गेले. जो पैसे देतो त्याला मजुराची उपासमार पडद्यावर पाहण्याची हौस फारशी नसते. तेव्हां त्यांचीं सर्वच चित्रें सत्याच्या कसोटीस उतरतील असें आम्हांस वाटत नाहीं. तरी बिहारचे उरांव आणि मलबारांतील युद्धनृत्यें त्यांनीं चित्रित केलीं, तीं मात्र आस्थेनें. मध्यंतरीं, १९५२ सालीं, रवींद्रनाथांच्या 'चार अध्याय' कादंबरीवरून 'झलझला' हा बोलपटहि काढला. पण तो त्यांचा प्रांत नव्हे.

१९५९ सालीं निलगिरीवरील तोडा जमातीविषयींचें 'द व्हॅनिशिंग ट्राइब' पुरें झालें, आणि त्याच वर्षीं झिल्स जर्मनीस परतले. १९७९ सालीं ते वारले. त्यांचे सहकारी बिलिमोरिया येथेंच काम करीत राहिले. ओरिसांतील एका खेड्यांतल्या कुटुंबाची हकीकत सांगणाऱ्या त्यांच्या 'द हाउस दॅट आनंदा बिल्ट' या माहितीपटाला १९६९ सालीं ऑस्करचें नामांकन मिळालें.