मॅमोग्राफीतलं 'मिलीग्रे': कोण होते हे ग्रे?

मोबाईलचा डेटा आपण जीबीत मोजतो. मग मॅमोग्राफी करताना शरीराने एक्स-रेची किती ऊर्जा शोषली, हे कशात मोजतात? मिलीग्रेमध्ये. यातला 'ग्रे' रंग नाही, माणूस आहे: लुई हॅरल्ड ग्रे.

ग्रे यांचा जन्म १९०५ मध्ये लंडनला, साध्या घरात झाला. शिष्यवृत्तीवर शिकत ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पोचले. रदरफर्डसारखे दिग्गज तेव्हा तिथेच होते. पण १९३३ मध्ये ग्रे यांनी लंडनजवळच्या माउंट व्हर्नन हॉस्पिटलमध्ये नोकरी धरली.

तिथला प्रश्न जिवाचा होता. रेडिएशन कमी पडलं तर कॅन्सरची गाठ उरते, जास्त झालं तर चांगला भागही भाजतो. पण डोस मोजायचा कसा? १ ग्रे डोसने पाणी एका अंशाच्या चार हजाराव्या भागाइतकंही तापत नाही. थर्मामीटर इथे कामाचाच नाही!

ग्रे यांची युक्ती सोपी होती. पदार्थात हवेची अगदी छोटी पोकळी ठेवायची. रेडिएशनमुळे त्या हवेत विद्युतभार तयार होतो. तो मोजला की आजूबाजूच्या पदार्थाने किती ऊर्जा शोषली, याचा हिशोब लागतो. विल्यम ब्रॅग यांनी ही कल्पना आधी मांडली होती, म्हणून याला ब्रॅग-ग्रे सिद्धांत म्हणतात.

पुढे ग्रे यांनी दाखवलं की ऑक्सिजन कमी असलेल्या पेशींवर रेडिएशनचा मारा कमी चालतो. १९६५ मध्ये ते गेले. १९७५ मध्ये त्यांचं नाव एककाला मिळालं: १ किलो पदार्थाने १ ज्यूल ऊर्जा शोषली की १ ग्रे. मिलीग्रे म्हणजे त्याचा हजारावा भाग.

आता मॅमोग्राफीकडे या. स्तनाच्या आत मीटर ठेवता येत नाही. म्हणून वरच्या बाजूला हवेतला डोस मोजतात. मग स्तनाची जाडी आणि एक्स-रेची भेदकता बघून ठरलेल्या गुणकांनी आतल्या ग्रंथींचा सरासरी डोस काढतात. अमेरिकेत ठराविक जाडीच्या नमुना-ठोकळ्यावर एका फोटोला ३ मिलीग्रेची मर्यादा आहे.

तपासणीत स्तन दाबतात, ते बऱ्याच जणींना नकोसं वाटतं. पण जाडी कमी झाली की डोसही कमी लागतो आणि फोटो स्पष्ट येतो. आई किंवा मावशी तपासणीला घाबरत असेल, तर तिला एवढं नक्की सांगा.