कात्री कोणाच्या पत्रावर?

वाचकांच्या पत्रांचा रकाना आम्ही नेमाने वाचतो आणि अधूनमधून लिहितोही. गेवराई तालुक्यातील एका गावच्या दलित वस्तीला स्मशानभूमीकडे जायला वाट नाही, पावसाळ्यात मयत चिखलातून न्यावे लागते, वाट कोणी अडवली हे गावाला ठाऊक आहे, असे पत्र आम्ही मागे एका दैनिकाकडे धाडले. छापून आल्या चार ओळी. मथळा खराब रस्त्याचा! वस्ती गळाली, वाट अडवणारे गळाले, मयतही गळाले. उरले ते खड्डे. संपादकांना जागेची अडचण असते हे आम्हास मान्य आहे. पण ती जागा नेमकी याच शब्दांपाशी कशी संपते?

ही कात्री आजची नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातही ती आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. होमरूलची हवा होती. १६ जानेवारी १९१९ च्या टाइम्स ऑफ इंडियात त्यांचे पत्र आले. खाली नाव नव्हते. एक महार, एवढीच सही. स्वराज्य जेवढे ब्राह्मणाचे तेवढेच महाराचेही, असा त्यातला मुद्दा. हे पत्र छापले साहेबांच्या इंग्रजी पत्राने. ज्यांच्यासाठी ते लिहिले, त्यांतल्या बहुतेकांना ते वाचता येत नव्हते.

मराठीत काय घडले? शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाले. बाबासाहेब सरकारी नोकरीत, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. या पत्राची जाहिरात केसरीकडे पाठवली होती. रोख पैसे मोजायची तयारी होती, तरीही केसरीने ती छापली नाही. लोकमान्य तेव्हा हयात होते. फुकटच्या पत्राचे सोडाच, पैसे देऊनही चार ओळींची जागा नाही! मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, हे निदान मूकनायकच्या पहिल्याच अंकात होते.

बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये मूकनायक बंद पडले. मग २० मार्च १९२७ ला महाडचे चवदार तळे पेटले. प्रस्थापित पत्रांतून टीकेची राळ उडाली. तिला उत्तर द्यायला ३ एप्रिलला बहिष्कृत भारत सुरू झाले. लिहिणारे हात कमी, पैसा त्याहून कमी. एकेका अंकाचे वीस-चोवीस रकाने बॅरिस्टर आंबेडकर स्वतः लिहीत. कोर्टाचे काम सांभाळून हे करणे म्हणजे काय, याचा पगारी संपादकांनी विचार करावा.

१९३० मध्ये जनता आले. १९४३ मध्ये पुण्याच्या भाषणात बाबासाहेबांनी पत्रकारितेचा साबणासारखा धंदा झाल्याचे सुनावले. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी जनताचे प्रबुद्ध भारत झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

त्या गावचे पत्र आम्ही पुन्हा लिहून काढले आहे. वाट अडवणाऱ्यांसह, एकही शब्द न गाळता, ते आता याच दैनिकाकडे दिले आहे.