फूरिये यांच्या लहरी आणि डिस्कवरचे चित्र

चित्रपट संपतो, काळ्या पडद्यावर पांढरी नावे वर सरकू लागतात आणि अक्षरांच्या कडेला डासांचा थवा घोंघावावा तशी बारीक थरथर दिसते. नीट तयार केलेल्या ब्लू-रे डिस्कवर ती जवळपास जाणवत नाही. कमी जागेत कोंबलेल्या चित्रपटात मात्र ती डोळ्यांत खुपते, आणि टीव्ही जुना झाला असे समजून बरेच जण पडद्याला बोल लावतात. या थरथरीमागचा प्रश्न पहिल्यांदा ऐरणीवर आला तो पॅरिसमध्ये, १८०७ साली. विजेचे दिवेही तेव्हा नव्हते. निमित्त होते उष्णतेवरच्या एका निबंधाचे, आणि निबंध लिहिणारे गृहस्थ पेशाने जिल्हाधिकारी होते.

ज्यां बाप्तिस्त जोसेफ फूरिये यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ओसेर या गावी एका शिंप्याच्या घरी झाला. नऊ-दहा वर्षांचा होतो न होतो तोच जोसेफचे आई-वडील दोघेही गेले. गावात बेनेडिक्टाइन साधूंनी चालवलेली लष्करी शाळा होती. तिथे त्याला जागा मिळाली आणि गणिताची गोडी लागली. मेणबत्त्यांची उरलेली टोके जमवून तो रात्री लपून गणिते सोडवत असे, असे सांगतात. त्याला तोफखान्यात जायचे होते. पण ती जागा उमराव घराण्यातल्या मुलांची, शिंप्याच्या पोराला तिथे कोण विचारतो! नाइलाजाने त्याने मठाची वाट धरली. १७८९ मध्ये क्रांतीचा भडका उडाला आणि दीक्षा पूर्ण होण्याआधीच तो मठातून बाहेर पडला.

क्रांतीने त्यांना वर आणले आणि जवळजवळ संपवलेही. ओसेरच्या क्रांतिसमितीत ते सामील झाले, पण १७९४ मध्ये त्यांनाच अटक झाली. त्या दिवसांत तुरुंग आणि गिलोटिन यांत फार अंतर नसे. रोबेस्पिअर सत्तेवरून गेला, त्याचे डोके उडाले, म्हणून फूरिये सुटले. पुढच्या वर्षी ते पॅरिसच्या नव्या अध्यापक विद्यालयात विद्यार्थी म्हणून आले. समोर शिकवायला होते लाग्रांज, लाप्लास आणि मोंज, त्या काळच्या युरोपातले पहिल्या रांगेतले गणिती. त्याच वर्षी फूरिये स्वतः एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागले.

१७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तच्या मोहिमेवर निघाला तो सोबत विद्वानांचा ताफा घेऊनच. त्यात फूरिये होते. कैरोत स्थापन झालेल्या संस्थेचे ते सचिव झाले. १८०१ मध्ये परतले तेव्हा पॅरिसला राहून गणित करावे, एवढीच त्यांची इच्छा होती. नेपोलियनने मात्र त्यांना ईझेर प्रांताचे प्रशासक म्हणून ग्रेनोबलला पाठवले. बुर्ग्वाँजवळची दलदल उपसून जमीन कोरडी करणे, ग्रेनोबलहून तुरीनकडे जाणारा रस्ता बांधणे अशी कामे त्यांच्या गळ्यात पडली आणि त्यांनी ती उत्तम केली. हे सगळे सांभाळून उरलेल्या वेळात ते उष्णतेचा विचार करत.

तव्याची एक बाजू तापली की दुसरी हळूहळू तापते, हे प्रत्येक स्वयंपाकघरात कळते. पण नेमकी कुठे, किती वेळाने, किती? फूरिये यांनी त्यासाठी लोखंडी कड्यावर प्रयोग केले. कड्याचा काही भाग तापवायचा आणि मग ठिकठिकाणचे तापमान मोजत राहायचे. तापमानाचा आलेख सुरुवातीला कितीही वेडावाकडा असला, तरी थोड्याच वेळात तो एका संथ, गोलाईदार लहरीसारखा होतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी मांडलेले गणितही तेच सांगत होते. कोणताही आलेख घ्या, तो लहानमोठ्या लहरींच्या बेरजेने लिहिता येतो: एक रुंद, संथ लहर, तिच्यावर थोडी दाट, तिच्यावर आणखी दाट. उष्णता पसरताना प्रत्येक लहर आपापल्या वेगाने विरते. सर्वांत दाट लहरी आधी संपतात, रुंद लहर शेवटपर्यंत टिकते.

२१ डिसेंबर १८०७ रोजी हा निबंध पॅरिसच्या विज्ञानसंस्थेपुढे आला. परीक्षक होते लाग्रांज, लाप्लास, मोंज आणि लाक्रुआ. चारपैकी तिघे फूरिये यांचे गुरूच म्हणायचे. लाग्रांज अडून बसले. कड्याचा अर्धा भाग तापलेला आणि अर्धा थंडगार असेल, तर मधोमध तापमान एकदम पायरीसारखे खाली उतरते. लहर तर अखंड, गुळगुळीत, कुठेही कोपरा नसलेली. अशा गुळगुळीत गोष्टींची बेरीज करून धारदार पायरी कशी मिळणार? ही शंका मत्सरातून आलेली नव्हती. अर्धशतकापूर्वी ताणलेल्या तारेच्या कंपनांवरून युरोपातले गणिती याच मुद्द्यावर भांडले होते आणि तरुण लाग्रांज त्या वादात होते. निबंध छापला गेला नाही.

संस्थेने १८११ साठी उष्णतेच्या प्रसाराचाच विषय स्पर्धेला ठेवला. फूरिये यांनी निबंध वाढवून पुन्हा पाठवला आणि पारितोषिक मिळवले. निवाड्यात मात्र मांडणी पुरेशी काटेकोर नाही, असा शेरा होता आणि निबंध पुन्हा छापखान्याबाहेरच राहिला. बक्षीस द्यायचे, पण छापायचे नाही! ग्रेनोबलला बसून फाइली निकालात काढणाऱ्या माणसाला हे किती लागले असेल, याची कल्पना करता येते. १८१३ मध्ये लाग्रांज वारले. १८१५ मध्ये एल्बा बेटावरून निसटलेला नेपोलियन ग्रेनोबलवरूनच पॅरिसला गेला, आणि त्या धांदलीत दोन्ही राजवटींना जपता जपता फूरिये यांची नोकरी गेली. पुढच्या वर्षी विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली, ती राजाने नामंजूर केली. १८१७ मध्ये ती पुन्हा झाली तेव्हा मान्य झाली. उष्णतेवरचा त्यांचा ग्रंथ अखेर १८२२ मध्ये निघाला. त्याच वर्षी ते अकादमीचे स्थायी सचिव झाले, आणि मग त्यांनी पारितोषिक मिळवलेला तो जुना निबंध, एका अक्षराचाही बदल न करता म्हणतात, अकादमीच्याच ग्रंथमालेत छापून घेतला.

इजिप्तहून आल्यापासून फूरिये यांना थंडी सोसत नसे. खोली तापवून, अंगावर कपड्यांचे थर चढवून ते बसत. मे १८३० मध्ये जिन्यावरून पडण्याचे निमित्त झाले, आधीचे दुखणे बळावले आणि १६ मे रोजी ते गेले.

लाग्रांज यांच्या शंकेचे उत्तर हप्त्याहप्त्याने मिळाले. १८२९ मध्ये जर्मन गणिती डिरिक्ले यांनी कोणत्या अटींवर ही बेरीज खरी ठरते, ते सिद्ध केले. फूरिये बरोबर होते. पायरीसुद्धा लहरींनी लिहिता येते. मात्र त्यासाठी अगणित लहरी लागतात. बेरीज मधेच थांबवली तर पायरीच्या काठाशी आलेख उसळी मारतो आणि मग थरथरत थरथरत शांत होतो. ही उसळी पायरीच्या उंचीच्या सुमारे ९ टक्के असते. आणखी लहरी घातल्या तर ती काठाला चिकटत जाते, पण तिची उंची काही घटत नाही. इंग्लंडमध्ये विल्ब्रहॅम यांनी १८४८ मध्ये हे दाखवले होते, पण कोणाच्या ध्यानात राहिले नाही. अमेरिकेतल्या गिब्ज यांनी ते १८९९ मध्ये पुन्हा मांडले आणि नाव त्यांचे लागले.

पडद्यावरचे पांढरे अक्षर आणि त्याची काळी पार्श्वभूमी ही नेमकी अशीच पायरी आहे.

हाय डेफिनिशन चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे २० लाखांहून अधिक. चित्रपटात सेकंदाला अशी २४ चित्रे. प्रत्येक ठिपक्याचे तिन्ही रंग जसेच्या तसे लिहायचे म्हटले, तर दोन तासांच्या चित्रपटाला हजार गिगाबाइटहून जास्त जागा लागेल. ब्लू-रे डिस्कवर एका थरात मावतात २५ गिगाबाइट, दोन थरांत ५०. डोळा उजेडापेक्षा रंगाच्या बाबतीत कमी तिखट असतो, म्हणून रंगाचे तपशील पातळ केले की निम्मा भार उतरतो. लागोपाठच्या चित्रांत जे बदललेच नाही, ते पुन्हा लिहायचे नाही, अशीही काटकसर होते. बाकीचा भार फूरिये यांच्या लहरी उचलतात.

त्यासाठी लागणारी हत्यारासारखी सुटसुटीत रीत बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे ठोकळे पाडायचे आणि प्रत्येक ठोकळा ६४ लहरींच्या बेरजेत मांडायचा. साठावर चारही लहरी जपल्या तर ठोकळा हुबेहूब परत मिळतो. पण आकाश, भिंत, गाल अशा ठोकळ्यांत बहुतेक सगळे चित्र चार-दोन रुंद लहरींतच असते. दाट लहरींचा वाटा किरकोळ. तो शून्य धरला तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. तापलेल्या कड्यात दाट लहरी निसर्ग आधी पुसतो, इथे त्या अभियंता पुसतो. जिथे अक्षराची कड, झाडाची फांदी, तलवारीची धार असते, तिथे मात्र दाट लहरींचा वाटा मोठा असतो. जागा वाचवायला त्यांना कात्री लावली की कडेभोवती थरथर उमटते. शेजारच्या ठोकळ्यात ती नसते, म्हणून ठोकळ्यांच्या सीमाही उघड्या पडतात.

२००६ मध्ये ब्लू-रे बाजारात आली तेव्हाच्या बऱ्याच डिस्कवर डीव्हीडीच्या काळातलीच एमपेग-२ पद्धत होती आणि थरही एकच. ही पद्धत कायम आठ बाय आठचेच ठोकळे पाडते. पावसाच्या किंवा धुराच्या दृश्यात तिची दमछाक दिसे. ब्लू-रेमध्ये मुभा असलेली दुसरी पद्धत, एच.२६४, अधिक हुशार निघाली. आधी ती शेजारच्या ठिपक्यांवरून आणि मागच्या चित्रांवरून अंदाज बांधते आणि अंदाज जिथे चुकला तेवढेच लहरींत मांडते. गरजेनुसार ठोकळा चार बाय चारचाही करते, म्हणजे थरथर उठलीच तरी लांब पसरत नाही. शिवाय ठोकळ्यांचे सांधे घासून गुळगुळीत करणारी चाळणी तिच्यात आहे. ही चाळणी जपून वापरावी लागते. जुन्या फिल्मवरची बारीक कणांची रवाळ पोतही दाट लहरींचीच बनलेली असते. बिटांची कंजूषी केली किंवा चाळणी जोरात फिरवली, की कण आणि त्वचेवरची छिद्रे एकदमच जातात आणि नटनट्यांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात. त्यामुळे पद्धत कोणती, एवढे विचारून भागत नाही. तिला किती जागा दिली, हेही पाहावे लागते. भरपूर जागा दिलेली एमपेग-२ डिस्क उपाशी ठेवलेल्या एच.२६४ पेक्षा सरस दिसते.

२०१६ मध्ये आलेल्या अल्ट्रा एचडी डिस्कवर एचईव्हीसी ही त्यापुढची पद्धत आहे. तिचे लहरींचे ठोकळे निरभ्र आकाशासाठी बत्तीस बाय बत्तीसपर्यंत मोठे होतात आणि धारदार कडेपाशी चार बाय चारपर्यंत आक्रसतात. अशा डिस्कवर शेवटच्या नावांभोवतीची थरथर शोधायची तर पडद्याला नाक लावून बसावे लागते.