न्यायमूर्ति जॉन मार्शल हार्लन

ज्या न्यायमूर्तींचा अल्प परिचय आम्ही येथें करून देत आहों, त्यांचा जन्म अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत १८३३ सालीं झाला. त्यांच्या घरीं गुलाम होते. यादवी युद्धांत ते राष्ट्राच्या ऐक्यासाठीं लढले; तरी गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीस त्यांनीं विरोधच केला. पुढें मात्र आपली चूक त्यांनीं उघडपणें कबूल केली. १८७७ सालीं राष्ट्राध्यक्ष हेझ यांनीं त्यांस सर्वोच्च न्यायालयावर नेमलें. तेथें ते सुमारें ३४ वर्षें होते.

गोऱ्या व काळ्या उतारूंस आगगाडींत निराळे डबे ठेवण्याचा लुइझियानाचा कायदा १८९६ सालीं त्या न्यायालयापुढें आला. सात न्यायाधीशांनीं तो उचलून धरला. एकट्या हार्लन यांनीं भिन्न निकालपत्र लिहून, राज्यघटनेपुढें सर्व नागरिक समान आहेत, असें बजावलें. १९११ सालीं ते वारले, तेव्हां निराळे डबे चालूच होते. १९५४ सालीं त्याच न्यायालयानें सरकारी शाळांतील असा भेद एकमतानें घटनाबाह्य ठरविला.

जन्माबरोबर आलेला पूर्वग्रह हार्लन यांनीं ओळखला व टाकला, हें आम्हांस त्यांच्या विद्वत्तेहूनहि मोलाचें वाटतें. आपल्या मनांत असा पूर्वग्रह कोणता, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनींहि एकदां तपासून पाहावें.